गॅस खाली बसतो!

समजा, पहाटेची वेळ आहे. तुम्ही अर्धवट झोपेत स्वयंपाकघरात शिरता. अंधार आहे, आणि कसला तरी उग्र वास येतोय. खरं सांगा, तुमचा हात सगळ्यात आधी कुठे जाईल?

लाइटच्या बटणाकडे. बरोबर ना?

माझाही तिकडेच गेला होता. गेल्या डिसेंबरची गोष्ट. परीक्षा संपल्यावर आम्ही सहा जण आहुप्याला गेलो होतो. मंचर, घोडेगाव, मग डिंभे धरणाच्या पाण्याच्या कडेकडेने वळणं घेत जाणारा रस्ता, आणि शेवटी सह्याद्रीच्या अगदी कडेवर बसलेलं हे गाव. आंबेगाव तालुका इथे संपतो. कड्यावर उभं राहिलं की खाली मुरबाडचं कोकण आणि समोर गोरखगड, मच्छिंद्रगडाचे सुळके दिसतात. ज्यांनी हा सूर्योदय पाहिलाय त्यांना सांगायला नको. ज्यांनी नाही पाहिला, त्यांनी या थंडीत जाऊन या. पण जायच्या आधी हा लेख पूर्ण वाचा.

मुक्काम गावातल्याच एका घरी होता. मुलं अंगणात तंबू ठोकून, आम्ही तिघी मुली माजघरात. स्वयंपाकघरात एका कोपऱ्यात मातीची चूल आणि दुसऱ्या बाजूला ओट्यावर दोन बर्नरची शेगडी, खाली लाल सिलिंडर. मावशींनी रात्री चुलीवर नाचणीच्या भाकरी केल्या, शेगडीवर आमच्यासाठी चहा. जेवणं झाल्यावर साडेदहाच्या सुमारास मला दूध प्यायची हुक्की आली. मावशी झोपायला गेल्या होत्या. म्हटलं, आपलं आपण गरम करून घेऊ.

दूध उतू गेलं. ज्योत विझली. मी घाईघाईने नॉब फिरवला, सांडलेलं पुसलं आणि झोपायला गेले.

नॉब मी उलट्या बाजूला फिरवला होता. बंद करायच्या ऐवजी तो ‘सिम’वर गेला होता. आणि ज्योत आधीच विझलेली असल्यामुळे मला वाटलं, झालं बंद.

पहाटे साडेचारला सूर्योदयासाठी उठले आणि चहा टाकावा म्हणून स्वयंपाकघराच्या दारात आले. वास आला. हात बटणाकडे गेला. तेवढ्यात मागून आवाज आला, ‘‘ए पोरी! बटणाला हात लावू नको!’’

घरातले काका गोठ्याकडे जायला उठले होते. त्यांनी मला हाताला धरून मागे ओढलं. अंधारातच चाचपडत आत गेले, आधी रेग्युलेटर बंद केला, मग परसाचं दार सताड उघडलं. बॅटरी नाही, मोबाइल नाही. सगळ्यांना उठवून अंगणात आणलं आणि म्हणाले, ‘‘आता कुणी आत जायचं नाही. धूर असता तर कौलातून गेला असता. हा पाण्यासारखा असतो. खाली बसतो. उंबऱ्याला अडतो.’’

मी मास कम्युनिकेशनची पदवी घेतलीय. बारावीला सायन्स होतं, केमिस्ट्रीत चांगले मार्क होते. प्रोपेनचं सूत्र मला आजही पाठ आहे. पण प्रोपेन खाली बसतो, हे मला त्या पहाटे एका शेतकऱ्याकडून कळलं. परत आल्यावर मी पुस्तकं उघडली. त्या रात्री त्या खोलीत नेमकं काय चाललं होतं, हे मला समजून घ्यायचं होतं. तुम्हालाही ते माहीत असायला हवं, कारण हाच गॅस तुमच्या फ्लॅटमध्ये, पीजीत, टपरीवर आणि ट्रेकच्या सॅकमध्येही असतो.

वास गॅसचा नसतोच

पहिला धक्का इथेच बसतो. एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन या दोन वायूंचं मिश्रण. दोघांनाही रंग नाही आणि जाणवेल असा वासही नाही. आपण ज्याला ‘गॅसचा वास’ म्हणतो, तो मुद्दाम घातलेल्या एका पदार्थाचा असतो. त्याचं नाव इथाइल मरकॅप्टन. गंधकाचं संयुग आहे हे. कुजलेला कोबी, लसूण, असं काहीतरी आठवतं. आपलं नाक याच्या बाबतीत इतकं तिखट आहे, की हवेच्या अब्जावधी कणांत याचे मोजके कण असले तरी कळतात.

हा वास घालण्यामागे एक भयंकर गोष्ट आहे. १८ मार्च १९३७ रोजी अमेरिकेत टेक्सासमधल्या न्यू लंडन गावच्या शाळेत तळघरात नैसर्गिक वायू साठत गेला. त्याला वास नव्हता. कुणालाच काही कळलं नाही. एका ठिणगीने शाळा उडाली आणि सुमारे ३०० जण गेले, त्यात बहुतेक मुलं होती. त्यानंतर तिथे गॅसमध्ये वास मिसळण्याचा कायदा झाला आणि हळूहळू जगभर ती पद्धत रुळली.

हिशोब असा ठेवतात, की गॅस पेट घेण्याइतका साठण्याच्या बऱ्याच आधी, म्हणजे त्या पातळीच्या साधारण एक पंचमांश असतानाच माणसाला वास यावा. पण यात दोन गोम आहेत. एक, झोपलेल्या माणसाला वास उठवत नाही. आम्ही तिघी भिंतीपलीकडे सहा तास झोपलो होतो, एकीलाही जाग आली नाही. दोन, नाक थकतं. त्याच वासात थोडा वेळ बसलं की तो येईनासा होतो. ‘‘मघाशी वास येत होता, आता गेला’’ याचा अर्थ गॅस गेला असा होत नाही.

आणि हो, सिलिंडर संपत आला की वास जास्त येतो, हेही तुम्ही घरी ऐकलं असेल. ते खरं आहे. प्रोपेन-ब्युटेन पटकन उडून जातात, मरकॅप्टन त्यामानाने उशिरा उडतं, म्हणून तळाशी उरलेल्या द्रवात त्याचं प्रमाण वाढतं.

लाल टाकीत असतं तरी काय?

सिलिंडर हलवला की आत डुबुक डुबुक आवाज येतो. म्हणजे आत वायू नाही, द्रव आहे. नावातच ते आहे, लिक्विफाइड पेट्रोलियम गॅस, द्रवरूप केलेला वायू.

पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळतं. प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतो आणि ब्युटेन उणे अर्ध्या अंशाला. म्हणजे आपल्या नेहमीच्या हवेत हे दोघे कधीच उकळून वायू झालेले असतात. पण यांच्यावर थोडा दाब टाकला, की ते गुपचूप द्रव होतात. प्रोपेनला २० अंश तापमानात हवेच्या साधारण आठपट दाब लागतो, ब्युटेनला दुप्पटच पुरतो. मिथेनसारख्या वायूला असं नुसतं दाबून द्रव करता येत नाही, त्याला भयंकर थंडच करावं लागतं. म्हणून सीएनजीची टाकी जाडजूड असते आणि एलपीजीची टाकी दोघांनी मिळून उचलून जिन्यावरून नेता येते.

द्रव करण्याचा फायदा जागेचा. एक लिटर द्रव मोकळा सोडला की साधारण २५० लिटर वायू होतो. आपल्या घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. तो सगळा वायू झाला तर सहा घनमीटरहून जास्त जागा व्यापेल. एवढ्या मोठ्या गोष्टीला कमरेएवढ्या टाकीत बसवलंय, ही खरं तर कमाल आहे.

भारतात या कमालीची सुरुवात आपल्या मुंबईतून झाली. १९५५ मध्ये बर्मा शेल कंपनीने ‘बर्शेन’ नावाने मुंबईत घरगुती गॅस विकायला सुरुवात केली. जुन्या मुंबईकर आजी-आजोबांना विचारा, हे नाव त्यांना आठवत असेल. आज उरणहून सह्याद्री ओलांडून चाकण-शिक्रापूरपर्यंत एलपीजीची पाइपलाइन आली आहे. तिथे तो टाक्यांत भरला जातो आणि पुढे ट्रक, टेम्पो, जीप करत गावोगाव पोचतो. १ मे २०१६ ला उज्ज्वला योजना सुरू झाली, तेव्हापासून डोंगरातल्या घरांतही लाल टाकी सर्रास दिसू लागली. कनेक्शन पोचलं. पण गॅस कसा वागतो, ही माहिती किती घरांत पोचली? आणि किती कॉलेजांत?

धूर वर, गॅस खाली

आता काकांच्या वाक्याकडे येऊ.

चुलीवर वाढलेल्या माणसाला एक गोष्ट जन्मापासून माहीत असते, की धूर वर जातो. म्हणून आहुप्यातल्या घरांची रचनाही तशी आहे. वर कौलं, कौलांत फटी, भिंतीच्या वरच्या अंगाला झरोके. धूर आपली वाट शोधतो. धूर वर जातो कारण तो गरम असतो.

एलपीजी गरम नसतो. आणि मुळातच हवेपेक्षा जड असतो. प्रोपेन हवेच्या दीडपट, ब्युटेन दुप्पट. त्यामुळे गळती झाली की तो ओट्यावरून खाली उतरतो, जमिनीवर पसरतो, उतार असेल तिकडे वाहतो, मोरीत शिरतो, पलंगाखाली जातो आणि उंबरा आला की धरणाच्या भिंतीला पाणी अडावं तसा अडतो. वरचा झरोका उघडा असून त्याला फारसा उपयोग नाही. आपल्या फ्लॅटमधला एक्झॉस्ट फॅनही वरच असतो, आणि तो तर अशा वेळी लावायचाच नसतो. का, ते पुढे सांगते.

हिशोब करून पाहू. दहा बाय दहाची, दहा फूट उंच खोली घ्या. हवेत साधारण दोन टक्के एलपीजी झाला की मिश्रण पेटू शकतं. पूर्ण खोली त्या पातळीला यायला सव्वा किलोच्या आसपास गॅस लागेल. ऐकायला बरंच वाटतं. पण गॅस पूर्ण खोलीत सारखा पसरतच नाही, तो तळाशी बसतो. जमिनीलगतचा फक्त एक फुटाचा थर धरला, तर तेवढ्यासाठी सुमारे १२५ ग्रॅम पुरतात. द्रवात मोजलं तर पेलाभर!

शेगडीचा एक बर्नर सिमवर असताना तासाला साधारण ३० ते ४० ग्रॅम गॅस जातो. साडेदहा ते साडेचार, सहा तास. तुम्हीच गुणाकार करा. मी केला, आणि त्यानंतर बराच वेळ वहीकडे नुसती बघत बसले.

अर्थात जुन्या घराला फटी असतात, दाराखालून बराच गॅस बाहेर गेला असणार. पण हा आमचा हुशारपणा नव्हता, घराचा होता. हेच जर सगळ्या खिडक्या लावून एसीत झोपायच्या फ्लॅटमध्ये झालं असतं तर?

एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा. तुमच्याकडे पाइपने येणारा गॅस असेल तर तो बहुतेक मिथेन असतो. मिथेन हवेपेक्षा हलका, जवळजवळ निम्म्याच वजनाचा. तो वर जातो आणि छताशी साठतो. म्हणजे गॅस कुठला आहे यावर तो कुठे शोधायचा हे ठरतं. आपल्या घरी कोणता आहे, एवढं तरी आज विचारून घ्या.

दोन ते नऊच्या मधला खेळ

गॅस नुसता असून पेटत नाही. हवेत त्याचं प्रमाण साधारण दोन टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर ज्योत पसरायला तो पुरत नाही. नऊ-साडेनऊ टक्क्यांच्या वर गेला, तर ऑक्सिजन पुरत नाही. धोका या दोघांच्या मधे. सिलिंडरच्या आत आग शिरत नाही ती याचमुळे, कारण आत हवाच नाही. पण खोलीत नऊच्या वर गेलेला गॅसही दार उघडल्यावर पातळ होत होत त्याच धोक्याच्या पट्ट्यातून जातो. म्हणून रेग्युलेटर बंद करायचा, दारं उघडायची आणि बाहेर पडायचं. ‘‘दार उघडलंय, आता काही नाही’’ म्हणत आत थांबायचं नाही.

पेटायला किती ऊर्जा लागते? एक मिलीज्यूलचा साधारण पाव भाग. ही किती किरकोळ गोष्ट आहे? थंडीत स्वेटर काढताना ‘चट्’ असा आवाज येतो आणि अंधारात बारीक ठिणगी दिसते ना, ती याहून मोठी असू शकते. लाइटचं बटण दाबताना आतल्या दोन पत्र्यांमधे अशीच ठिणगी उडते. दाबून चालू करताना उडते, तशी बंद करतानाही उडते. फ्रिजचा मोटर आपोआप चालू होतो तेव्हाही. म्हणून नियम सोपा आहे. जे चालू आहे ते चालू राहू द्या, जे बंद आहे ते बंद राहू द्या. एक्झॉस्ट फॅनसुद्धा.

आणि चूल? माझी झोप उडवणारी गोष्ट ही आहे. खेड्यात रात्री चूल पूर्ण विझवत नाहीत. निखारे राखेखाली झाकून ठेवतात, म्हणजे सकाळी फुंकर घातली की विस्तव तयार. मावशींच्या घरीही रोज तसंच असतं. त्या रात्री मात्र आम्हाला शेकोटी हवी होती. आमच्या मित्राने शेकोटी पेटवायला चुलीतले सगळे निखारे घमेल्यात भरून अंगणात नेले होते. त्या एका रात्री चूल थंड होती. चूल जमिनीवर, गॅस जमिनीवर, आणि मधे काहीच नाही.

याला मी योगायोग म्हणते. मावशी म्हणाल्या, ‘‘भैरवनाथाची कृपा.’’ मी वाद घातला नाही.

मोठ्या प्रमाणावर हेच घडलं तर काय होतं, हे महाराष्ट्राने पाहिलंय. नोव्हेंबर १९९० मध्ये रायगड जिल्ह्यातल्या नागोठण्याच्या गॅस क्रॅकर प्रकल्पात इथेन-प्रोपेनची गळती होऊन स्फोट झाला आणि ३०हून अधिक माणसं गेली. डिसेंबर २०२४ मध्ये जयपूर-अजमेर महामार्गावर एलपीजीच्या टँकरला ट्रकची धडक बसली. गॅस रस्त्यावर पसरला आणि मग पेटला. टँकरपासून लांब असलेल्या गाड्याही आगीत सापडल्या. गॅस आधी पसरतो, मग पेटतो. आग जिथे लागते तिथेच गळती असते असं नाही.

ट्रेकरांनो, तुमच्या कॅनबद्दल

त्या पहाटेची दुसरी गोष्ट अजून बाकी आहे. स्वयंपाकघर बंद. अंगणात कुडकुडणारे सहा जण. मित्राने सॅकमधून ट्रेकचा स्टोव्ह आणि ब्युटेनचा कॅन काढला. अंगण मोकळं, घरापासून लांब, वारं वाहतंय, काकांनीही परवानगी दिली. स्टोव्ह पेटला, पण दोनच मिनिटांत ज्योत मेणबत्तीएवढी झाली. कॅन तर जवळजवळ भरलेला! हात लावला तर बर्फासारखा गार, बाहेरून दव धरलेलं.

असं का? द्रवाचा वायू व्हायला उष्णता लागते. ती तो स्वतःतूनच आणि कॅनच्या पत्र्यातून ओढून घेतो. म्हणजे स्टोव्ह चालू असताना आतला द्रव गार होत जातो. पुण्यात २५ अंशांच्या हवेत त्याला भरपाई मिळते. आहुप्याच्या डिसेंबरच्या पहाटे सुरुवातच थंड. द्रव शून्याच्या जवळ आला की ब्युटेन उकळायचाच थांबतो. कॅन भरलेला आणि ज्योत उपाशी! म्हणूनच थंड प्रदेशातल्या गिर्यारोहकांच्या कॅनमध्ये प्रोपेन किंवा आयसोब्युटेन मिसळलेलं असतं. आयसोब्युटेन उणे १२ अंशांपर्यंत उकळतं.

मित्र म्हणाला, ‘‘शेकोटीजवळ ठेवू का दोन मिनिटं?’’ आम्ही पाच जणांनी एका सुरात त्याला जे सांगितलं, ते इथे छापता येणार नाही. तापवलं की द्रव फुगतो आणि आतला दाब झपाट्याने वाढतो. म्हणूनच मोठ्या सिलिंडरमध्येही गळ्यापर्यंत द्रव भरत नाहीत, वर मोकळी जागा सोडतात. पातळ पत्र्याच्या कॅनला फुटायला फार वेळ लागत नाही. कॅन गरम करायचाच असेल तर जॅकेटच्या आत पोटाशी धरा. तुमच्या अंगाची ऊब पुरते. आगीची ऊब नको.

घरचा असाच एक उद्योग तुम्ही पाहिला असेल. गॅस संपत आला की सिलिंडर आडवा करायचा, किंवा गरम पाण्याच्या परातीत उभा करायचा. कृपा करून थांबवा. सिलिंडर उभा असताना वरून वायू बाहेर येतो. आडवा केला की व्हॉल्व्हपाशी द्रव येतो आणि तो द्रवच नळीत शिरतो. रेग्युलेटरचं काम टाकीतला दाब उतरवून शेगडीला अगदी हलकी फुंकर देण्याचं. द्रव आला, की तो बाहेर पडून अडीचशेपट फुगणार आणि ज्योत हातभर उसळणार. उरलेल्या दोन चहांसाठी एवढी किंमत?

किती गॅस उरलाय हे बघायचं असेल तर टाकीला ओलं फडकं पुसा. जिथपर्यंत द्रव आहे तिथला ओलावा उशिरा वाळतो. रेघ दिसते. फुकटातलं मीटर!

निळी ज्योत आणि बंद तंबू

प्रोपेनच्या एका रेणूला पूर्ण जळायला ऑक्सिजनचे पाच रेणू लागतात. हवेत ऑक्सिजन एक पंचमांशच असतो, म्हणजे एक लिटर प्रोपेनला साधारण २४ लिटर हवा हवी. ब्युटेनला ३१. एवढी मिळाली तर ज्योत निळी, आणि बाहेर पडतात फक्त कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ. हवा कमी पडली की ज्योत पिवळी होते, भांड्याला काजळी धरते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग ना वास, आणि इथे मरकॅप्टनही मदतीला नाही. डोकं दुखतं, गुंगी येते आणि माणूस झोपतो. म्हणून कितीही थंडी असली, पाऊस असला, तरी बंद तंबूत स्टोव्ह किंवा निखारे नकोत. इन्स्टावर तंबूतल्या कॉफीचे रील छान दिसतात, पण त्यात चेन उघडी आहे की बंद हे दिसत नाही.

हे सगळं वाचून तुम्हाला वाटेल, मग चूलच बरी. नाही. चुलीच्या धुराने मावशींचे डोळे कायम लाल असतात, खोकला सुटत नाही. सरपणासाठी डोक्यावर मोळी घेऊन रान तुडवावं लागतं. पाऊसकाळात लाकूड ओलं, धूर दुप्पट. गॅस आल्यापासून सकाळचा पहिला चहा तरी डोळे न चोळता होतो, असं त्याच म्हणाल्या. चूल पूर्ण सुटत नाही, कारण टाकीला पैसे लागतात, आणि जंगलातली काटकी फुकट असते. पण गॅसला घाबरून परत धुरात जा, असं कुणी त्यांना सांगू नये. गॅसची ओळख करून द्यावी, इतकंच.

आज संध्याकाळी एवढं करा

– रबरी नळी पाहा. तिच्यावर तारीख छापलेली असते. जुनी, कडक, भेगाळलेली असेल तर बदला. साधी बागेची नळी कधीच लावू नका. एलपीजी नैसर्गिक रबराला खातो, म्हणून गॅसची नळी वेगळ्या रबराची असते.

– सिलिंडरच्या वरच्या कड्याला जोडणाऱ्या पट्टीवर आतून ए, बी, सी, डी यांपैकी एक अक्षर आणि वर्षाचे दोन आकडे असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, असे चार भाग. ती पुढच्या चाचणीची मुदत. उलटून गेली असेल तर टाकी घेऊच नका.

– गळतीचा संशय आला तर साबणाचा फेस लावा. बुडबुडे दिसतील. काडी पेटवून कधीही बघू नका. हसू नका, असं करणारे आहेत.

– शेगडी सिलिंडरपेक्षा वर ठेवा. सिलिंडर कायम उभा, आणि बंद कपाटात असेल तर कपाटाला तळाशी भोकं हवीत.

– चौकातल्या दुकानात मोठ्या टाकीतून छोट्या टाकीत भरून मिळणारा गॅस घेऊ नका. रूमवर राहणाऱ्यांनो, हे तुमच्यासाठी. स्वस्त नाही, बेकायदा आहे. किती भरला याला माप नसतं, आणि फुगायला जागा सोडली की नाही हे कुणीच बघत नाही. पाच किलोची अधिकृत टाकी मिळते.

– रात्री झोपताना नॉबवर विश्वास ठेवू नका. रेग्युलेटरच बंद करा.

– वास आला तर रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या, बटणांना हात नाही, सगळे बाहेर. मग बाहेरूनच १९०६ या क्रमांकावर फोन. हा गॅस गळतीसाठीचा आपत्कालीन क्रमांक आहे.

आम्ही उजाडेपर्यंत अंगणात बसलो. सूर्योदय हुकला. कुणी कुरकुर केली नाही. उजाडल्यावर काका आधी आत गेले, उंबऱ्यापाशी वाकून जमिनीजवळ वास घेतला, मग आम्हाला बोलावलं. मी माफी मागितली. काय बोलावं सुचत नव्हतं. ते म्हणाले, ‘‘माझा पोरगा चाकणला कंपनीत आहे. तिथं आग लागली तर काय करायचं ते शिकवतात त्यांना. दिवाळीला आला तेव्हा त्यानं आम्हा सगळ्यांना बसवून सांगितलं. म्हणून मला माहीत. तुम्हाला कॉलेजात सांगत नाहीत का?’’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. हा लेख म्हणजे थोडंफार तेच उत्तर. काकांच्या पोराने दिवाळीला केलं, ते तुम्हीही या वीकेंडला घरी गेल्यावर करा. आईला, बाबांना, रूममेटला बसवा आणि पाच मिनिटं सांगा. बाकी काही आठवलं नाही तरी चालेल. एवढंच सांगा, धूर वर जातो, आणि गॅस खाली बसतो.